भाऊजींची न गाजलेली गाणी

गाजलेलं गाणं मागायला कुणी आमच्या दुकानात शिरलं, की मला आधी त्या माणसाची कीव यायची. माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, त्याला ते गाणं सुखासुखी ऐकू देणार नाहीत, हे मला मागे स्वयंपाकघरात बसूनसुद्धा कळायचं. रेकॉर्ड हातात घेणार, खिडकीपाशी जाणार, उजेडात तिरकी धरणार आणि विचारणार, "हिची दुसरी बाजू ऐकलीय का?" गिऱ्हाईक म्हणणार, "नाही हो, मला ते पहिलंच पाहिजे होतं." "ते काय, कुठेही वाजतं. बसा." की झालं. बसलाच तो.

बाजारात सगळे त्यांना 'पलटी' म्हणतात, अगदी तोंडावर. त्यांना त्याचं काही नाही. मला मात्र 'पलटीकडे जाऊन येतो' असं कानावर पडलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. नावं ठेवायचा हक्क घरच्यांचा, आणि तो मी पुरेपूर बजावत होते. बाहेरच्यांनी त्यात लुडबुड कशाला करायची?

आमचं घर म्हणजे रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत. ती आमच्या यांनी घातली. हे बस चालवतात, सुतारकामाशी त्यांचा काही संबंध नाही, आणि ते त्या भिंतीकडे बघून कुणालाही कळेल. माझं शिवणाचं मशीन त्या भिंतीला लागून, कारण खिडकी तिथे आहे. पँटची उंची कमी कर, झिप बदल, कोटाचं अस्तर लाव, अशी कामं मी घरी बसून करते. आणि भाऊजींचा मोठा स्पीकर बरोबर माझ्या मशीनच्या पाठीशी, भिंतीच्या पलीकडे. "दुसरीकडे हलवा ना तो," असं मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांगत आले. "वहिनी, आवाज त्याच कोपऱ्यात फुलतो," असं ते तेव्हापासून सांगत आले. स्पीकर हलला नाही आणि माझं मशीनही हललं नाही.

रॉक म्हणजे काय, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. माहेरी रेडिओ होता, पण तो वडिलांच्या ताब्यात, आणि वडील फक्त बातम्या ऐकायचे. सासरी आल्यावर पहिल्याच सोमवारी भिंतीपलीकडे कुणीतरी घसा फोडून ओरडायला लागलं. संध्याकाळी हे आल्यावर मी विचारलं, "अहो, त्या माणसाला काय दुखतंय?" यांनी ते भाऊजींना सांगितलं. भाऊजी हसून हसून लोळले, आणि तेव्हापासून माझ्या शिक्षणाची जबाबदारी आपल्यावर आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. मला शिकायचंय का, हे कुणी विचारलं नाही. मला रॉक आवडतं असं मी कधी म्हटलेलं नाही, आणि आजही म्हणणार नाही.

लोक घरं बदलतात, म्हातारी माणसं जातात, मुलं अडगळ काढतात, त्यात रेकॉर्डींची खोकी निघतात. ती खोकी भाऊजींकडे येतात. जुनी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की तिच्या मालकानं काय ऐकलं ते दिसतं, हा त्यांचा पहिला धडा. जे गाणं रोज वाजलं त्याचा पट्टा घासून पांढुरका पडलेला. जिथे सुई कधी टेकलीच नाही तो पट्टा काळाभोर, चकचकीत. "बघा वहिनी, पैसे दहा गाण्यांचे दिले आणि ऐकलं एक," असं म्हणून ते हळहळायचे. लगेच खूशही व्हायचे, कारण न ऐकलेलं गाणं जुन्या रेकॉर्डवरसुद्धा कोऱ्यासारखं वाजतं.

त्यांचं म्हणणं असं, की बहुतेक अल्बमवर एक तरी गाणं बँडनं स्वतःसाठी केलेलं असतं. गाजणारी गाणी कंपनीसाठी, रेडिओसाठी. हे एक मात्र उरलेल्या जागेत सरकवलेलं, दुसऱ्या बाजूला, शेवटाकडे, लेबलाच्या जवळ. तिथे रेकॉर्डची वर्तुळं लहान होत जातात आणि आवाज किंचित चिरकतो, म्हणून लाडकी गाणी तिथे कुणी ठेवत नाही. भाऊजी नेमके तिथेच सुई टेकवायचे. एका अल्बमवर म्हणे गायक त्या दिवशी आलाच नाही, म्हणून ड्रमवाल्यालाच गायला उभं केलंय. तो बिचारा इतका भीत भीत गातो की आपणच जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवावा. एकावर नुसता ऑर्गन आणि बास गिटार, मध्येच कुणीतरी खोकतं, आणि ते खोकणं तसंच राहू दिलंय. एकात गिटारवाला गाणंभर गप्प, अगदी शेवटी चार सूर वाजवतो.

"एवढा वेळ थांबायला जिगर लागते, वहिनी."

"एवढं थांबायचं होतं तर घरीच का नाही थांबला?"

असं आमचं चालायचं.

एकदा आमच्या गल्लीतला प्लंबर माझ्या ओट्याचा नळ दुरुस्त करायला आला होता. पाणी बंद केलं, नळ खोलला आणि पाना हातात तसाच घेऊन नवा वायसर आणायला दुकानातून बाहेर जाताना थबकला. "ही रेकॉर्ड आमच्याकडे आहे," म्हणाला.

"कुठलं गाणं ऐकता?" भाऊजींनी विचारलं.

"पहिलं."

"आणि मग?"

"मग काय, ते संपलं की उठून पुन्हा पहिलं लावतो."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. प्लंबरला स्टुलावर बसवलं आणि दुसऱ्या बाजूचं शेवटून दुसरं गाणं लावलं. मी आत, खोललेला नळ, भांडी तशीच, आणि हा बाबा पाना मांडीवर घेऊन मान खाली घालून ऐकतोय. गाणं संपल्यावर पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "हे कुठे मिळेल?"

"तुमच्या घरी. रेकॉर्ड पालथी करा."

तो तडक घरी गेला. माझा नळ दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच. भाऊजींवर मी अशी भडकले की त्यांनी बादल्या भरभरून शेजारून पाणी आणून दिलं. पण त्या दिवसापासून प्लंबर आमचा झाला. नळ गळो न गळो, आठवड्यातून एकदा डोकावणार, स्टुलावर बसणार, एक न गाजलेलं गाणं ऐकून जाणार.

लग्न का केलं नाही, असं भाऊजींना विचारलं की म्हणायचे, "पहिल्याच भेटीत मुली गाजलेलं गाणं मागतात." खरं कारण काय ते देव जाणे. मी खोदून विचारलं नाही. घरात असे एक दीर असणं मला सोयीचंच होतं, हे आता मोकळेपणानं सांगते. हे दिवसभर बसवर. मी त्या गल्लीत नवीन, कुणाची ओळख नाही, आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्याचंही एक होतंच. दिवसभर माझं तोंड भिंतीकडे. पण त्या भिंतीतून कुणीतरी सतत गात होतं, वाजवत होतं, आणि मधून मधून पलीकडून हाक यायची, "वहिनी, आता येईल बघा!" काय येईल ते मला कळायचं नाही. तरी पायाखालचं मशीन थांबायचं आणि मी कान द्यायची. एकटं वाटायला वेळच मिळाला नाही मला. ज्या गोष्टी मी मागितल्या नव्हत्या त्यांच्याच जोरावर मी तरून गेले.

त्या माणसाचेच कान गेले.

उजवा लहानपणीच्या तापात गेलेला, सगळा कारभार डाव्यावर. तो हळूहळू उतरत गेला. आवाज वाढत चालला तसा मी भिंतीवर कात्रीची मूठ आपटायला लागले, तेव्हा ते आवाज कमी करायचे. एक दिवस मी आपटत राहिले आणि आवाज कमी झालाच नाही. तावातावानं दुकानात गेले, तर ते माझ्याकडे पाठ करून बसलेले, तळहात स्पीकरला लावलेला. मी हाक मारली. वळले नाहीत. माझा राग जागच्या जागी विरला.

कानात घालायचं यंत्र आलं, ते काही महिने चाललं, मग त्याचाही उपयोग होईना. बोललेलं एक अक्षर कळत नव्हतं. फक्त स्पीकरला टेकून बसलं की बासचे खालचे सूर आणि ड्रम अजून पोचायचे. बाकीचं गाणं ते आठवणीनं भरून काढायचे. कानाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं: उजवा फार जुना गेलेला, तिथे उपयोग नाही, म्हणून डाव्याच्या आत तार बसवायची, कानामागे बटणाएवढं यंत्र लावायचं. माणसांचं बोलणं परत येईल, म्हणाले. पण डाव्या कानात जे थोडं उरलंय ते बहुधा जाईल. आणि संगीताचं काही सांगता येत नाही, बऱ्याच जणांना ते नुसता गोंगाट वाटतं.

भाऊजींनी साफ नकार दिला. "बोलण्याचं काय," म्हणाले, "लिहून दाखवलं की भागतं." त्यांचं भागत होतं हो. चहा झाला, जेवायला चला, गिऱ्हाईक आलंय, सगळं कागदावर लिहून लिहून माझी बोटं दुखायला लागली. भांडायचं तरी कसं? भांडण काय लिहून होतं? लिहून होईपर्यंत निम्मा राग उतरतो.

मग मी पडले. स्टुलावर चढून पडदा काढत होते, स्टूल सरकलं, आणि कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हे बसवर. भाऊजी भिंतीपलीकडे, हात लांब केला तर लागतील इतक्यावर. बासचा आवाज येत होता, म्हणजे ते तिथेच होते. मी ओरडले. मग आठवलं की ओरडून उपयोग नाही. पडल्या पडल्या धडक्या पायानं भिंतीला लाथा मारायला लागले, म्हटलं हादरा तरी पोचेल.

पोचला. त्यांना वाटलं रेकॉर्ड उडतेय. त्यांनी सुई उचलली, ब्रशनं साफ केली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मी पुन्हा लाथा मारल्या, त्यांनी पुन्हा सुई साफ केली. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेवटी प्लंबर आपली पँट न्यायला आला आणि त्यानं मला बघितलं.

कमरेचं हाड तडकलं होतं. दवाखान्यात भाऊजी माझ्या पायाशी येऊन उभे राहिले. त्या लाथा कसल्या होत्या ते प्लंबरनं त्यांना लिहून सांगितलं होतं. मेल्यानं ते लिहायला नको होतं. भाऊजींचा चेहरा मला बघवेना.

"वहिनी, ऑपरेशन करून घेतोय," म्हणाले.

मी हातानंच विचारलं, आणि गाणी?

"गाणी काय, पुष्कळ ऐकून झाली."

हे धडधडीत खोटं होतं. ते खोटं बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, वर पंख्याकडे बघत होते. मी तोंड फिरवून रडले. माझ्यासाठी आयुष्यात कुणी एवढं सोडलेलं नाही. आमचे हे भला माणूस, पण यांना मी साधी सिगारेट सोडायला लावू शकले नाही. आणि या माणसानं माझ्या एका हाकेसाठी, पुन्हा कधी पडले तर ऐकू यावी म्हणून, उरलेलं सगळं देऊन टाकलं. हे उपकार कसे फेडायचे असतात ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. यंत्र चालू केल्यावर पहिले काही दिवस सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलताहेत असं त्यांना वाटायचं. मग शब्द सुटे व्हायला लागले. त्यांना कळलेलं माझं पहिलं अख्खं वाक्य होतं, "ओल्या पायांनी आत येऊ नका म्हणून किती वेळा सांगायचं?" ते दारातच थांबले आणि म्हणाले, "ऐकलं." मी तिथेच खुर्चीत बसले. यांनी उठून चहा केला, आणि तो इतका वाईट झाला होता तरी कुणी काही बोललं नाही.

गाण्याचा विषय मात्र कुणी काढेना. भाऊजी दुकान उघडायचे, रेकॉर्डी पुसायचे, विकायचे, पण लावायचे नाहीत. मग एका दुपारी मला भिंतीपलीकडून ओळखीचं गाणं ऐकू आलं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. थांबलं. मग स्क्रू पिळण्याचा आवाज. काठी घेऊन मी दुकानात गेले. भाऊजींनी सगळा प्लेअर खोलला होता. सुई बदललेली, मोटरचा पट्टा बदललेला, तारा सोडून पुन्हा जोडलेल्या, शर्टाला तेलाचे डाग.

"पट्टा ढिला पडलाय," म्हणाले. "नाहीतर मोटर गेली. ऐका ना, चमच्यांचा खण हलवल्यासारखं वाजतंय."

त्यांनी सुई टेकवली. तेच, प्लंबरला ऐकवलेलं, दुसऱ्या बाजूचं शेवटून दुसरं गाणं. व्यवस्थित वाजत होतं. कुठे घरघर नाही, काही नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण यांना नाचता येत होतं हो, आणि अंगणही सरळ होतं. गप्प बसावं असं वाटलं. पण गप्प बसले असते तर त्यांनी संध्याकाळपर्यंत मोटरही फोडली असती.

"भाऊजी, यंत्र ठीक आहे."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"आत्ता बास एकटाच चाललाय," मी म्हटलं. "आता ड्रम आला. काठीनं नाही, ब्रशनं वाजवतोय. आता तो गायला लागला, सर्दी झालीय त्याला, नाकात गातोय. ही ओळ दोनदा म्हणेल. म्हटली. आता थोडं सगळं शांत होईल आणि गिटार येईल. ही आली."

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. "वहिनी, तुम्हाला हे पाठ आहे?"

"पाठ कसलं डोंबलाचं. या गाण्यावर मी अस्तरं लावलीत. दमानं चालतं ना, टाके सरळ पडतात. त्या ड्रमवाल्याच्या गाण्यावर झिपा. आणि ते खोकण्याचं लागलं की मी चहा टाकते."

हे सगळं मलाही बोलता बोलताच कळत होतं. भाऊजी हसायला लागले, आणि हसता हसता थांबले. गाणं ठीक वाजत होतं, म्हणजे बिघाड कुठे होता ते आम्हा दोघांनाही कळलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, प्लेअर बंद केला, झाकण लावलं. आठवड्याभरात त्यांनी दुसऱ्या एका व्यापाऱ्याशी बोलणी केली. सगळी खोकी उचलून न्यायची, दुकान रिकामं करायचं.

मी उठले आणि त्यांना घेऊन कानाच्या दवाखान्यात गेले. तिथे यंत्र जुळवून देणारी एक तरुण मुलगी होती. तिला मी भरपूर ऐकवलं. एवढं कापलंत, एवढं बसवलंत, आणि माणसाला त्याची गाणी परत देता येत नाहीत? तिनं शांतपणे ऐकून घेतलं, गुणी होती. म्हणाली, "ठेका या यंत्रातून चांगला कळतो. सूर कळायला वेळ लागतो, काहींना नीट कळतही नाहीत. पण सवय करता येते. रोज थोडं ऐकायचं, घरचं कुणी सोबत बसलं तर उत्तम. सुरुवात सोप्या, पाठ असलेल्या गाण्यांपासून करा."

"म्हणजे कुठल्या?"

"सगळ्यांना माहीत असतात ती. गाजलेली."

मला हसू आवरेना. भाऊजींनी विचारलं, "काय म्हणाली?" त्यांना नीट कळलं होतं, पण विश्वास बसत नव्हता.

व्यापाऱ्याला मी परस्पर सांगितलं की महिनाभर थांबा. मग एका सकाळी भाऊजींनी तोंड वाकडं करत पहिली बाजू लावली. प्लंबरचं लाडकं पहिलं गाणं, जे लग्नात, हॉटेलात, न्हाव्याकडे सगळीकडे वाजतं. ते डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून बसले. थोड्या वेळानं आठ्या सुटल्या.

"आला," म्हणाले.

"कोण?"

"हा हलकट. ओळखू आला. तोच आहे." गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. मग रुमाल काढून नाक पुसलं. "आयुष्यभर याला दारात उभं केलं नाही मी. आणि सगळ्यात आधी भेटायला हाच आला. चांगलं आहे हो हे गाणं. उगाच नाही गाजलं."

दुसरी बाजू मात्र सहजासहजी येईना. ती गाणी मुळातच लाजरी, एकात एक वाद्यं मिसळलेली, सूर दबक्या पावलांनी येणारे. यंत्राला त्यातलं काही धरता येत नव्हतं. मग मीच सुरू केलं. दुपारी काम आटपलं की दुकानात त्यांच्यासमोर बसायचं, रेकॉर्ड लावायची आणि बोटांच्या सांध्यांनी टेबलावर ठेका धरायचा. ठेका कळतो म्हणाली होती ना ती मुलगी, तर मग निदान रस्ता तरी दिसेल. "आता बास," मी सांगायची. "आता गातोय." गिटार आली की मी तोंडानं म्हणून दाखवायची, आणि ते कसं दिसत असेल याचा मी विचार करत नव्हते. पहिल्याच आठवड्यात हे दुपारी लवकर घरी आले आणि दारातून बघत राहिले. म्हणाले, "एक वेडा होता तोवर ठीक होतं."

महिना गेला. व्यापाऱ्याला पुन्हा थांबवलं. मग त्यानं विचारायचं सोडून दिलं. माझी बोटं सुजायची. काही दिवस भाऊजी म्हणायचे, "नुसते चमचे, वहिनी. आज नको." मी म्हणायची, "तुम्ही मला कधी विचारलं होतंत? बसा." प्लंबर यायचा, स्टुलावर बसायचा, तोही गुडघ्यावर बोटं वाजवायचा आणि नेहमी चुकायचा. भाऊजी मान डोलवायचे. पण त्यांना गाणं ऐकू येतंय की नुसती माझी टकटक, हे मला कळत नव्हतं. ते सांगतही नव्हते. मला वाईट वाटू नये म्हणून डोलवत असतील, असं मी धरून चालले होते.

परवाच्या मंगळवारी तेच लावलं होतं, अस्तरांचं. मी टेबलावर ठेका धरलेला, डोक्यात रात्रीच्या भाजीचा विचार. गाणं ते शांत व्हायच्या जागेवर आलं, मी वाजवत पुढे गेले, आणि भाऊजींनी एकदम हात वर केला.

"थांबा. चुकलात."

"कोण, मी?"

"तिथे तीनच ठोके आहेत. तुम्ही चार वाजवता. ड्रमवाला तिथे एक ठोका गाळतो आणि गिटार घाईनं आत येते."

"काहीतरीच काय? इतकी वर्षं मी याच्यावर..."

"इतकी वर्षं तुमचं मशीन चालू होतं, वहिनी. त्यात कुठे कळणार?"

त्यांनी सुई मागे घेतली. मी न वाजवता, हात मांडीवर ठेवून ऐकलं. तीनच होते. महिनोन्महिने मी रोज तिथे चार वाजवत होते आणि ते रोज मान डोलवत होते, कारण त्यांच्यापर्यंत माझेच चार पोचत होते. आज माझ्या टकटकीच्या मागून त्यांना तो ड्रमवाला ऐकू आला होता. आणि गिटारही. ती घाईनं येते हे त्यांनी सांगितलं होतं, मी नाही.

माझी चूक काढलेली मला खपत नाही, हे आमच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक आहे म्हणायला पोरंटोरं नाहीत, पण यांना विचारा. हॉटेलात बिल चुकलं तरी मी आधी भांडते आणि मग बघते. त्या दुपारी मात्र मला तोंडावर चुकलात म्हटलं गेलं, आणि मला एवढा आनंद झाला की काय करावं ते सुचेना. डोळे भरून आले. भाऊजींचेही भरले होते, पण ते तज्ज्ञाच्या ऐटीत बसून राहिले.

"पुन्हा लावा," मी म्हटलं.

"पटत नाही का अजून?"

"पटलंय. मला ते तीन ठोके नीट शिकवा."